ग्रासियास म्हणायचं नाही

इताउगुआ, पाराग्वे, ९ फेब्रुवारी

नोराल्बा,

पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन लावला की तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यातली नाहीस. लहानपणी चॉकलेटचे चांदीचे कागदसुद्धा नखाने सपाट करून उशीखाली ठेवायचीस.

डिसेंबरात तू काय म्हणालीस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. "बाबा, यायचं तर कायमचे या. नाहीतर पत्रसुद्धा पाठवू नका." तर ऐक. मी कायमचा येणार नाही, आणि पत्रही थांबवणार नाही. काय करायचं ते कर.

सप्टेंबरात सालोमे पंधरा वर्षांची होणार. त्या दिवशी पोरीने बापाबरोबर पहिला वॉल्ट्झ नाचायचा असतो, आणि तिचा बाप स्पेनमध्ये कुठे तोंड लपवून बसलाय ते देवाला ठाऊक. मग नाचायचं कुणी? आजोबाने. हे मी ठरवून टाकलंय. मी तुलुआला येणार, एका पिशवीनिशी येणार, पोरीच्या खांद्यांवर माझ्या हातची शाल घालणार, तिच्याबरोबर नाचणार आणि इथे परत येणार. दारात उभं करायचं की नाही ते तू बघ. नाही केलंस तर रस्त्यावर नाचेन, शेजाऱ्यांना फुकटात तमाशा.

"माझ्या हातची शाल" वाचून हसलीस ना? हस. इथलं गाव हसून दमलंय. तुझा बाप आता लेस विणतो. तीन वर्षं झाली, तुला सांगितलं नव्हतं, कारण तू बोलतच नव्हतीस. मी दुपारी जेवतो ती न्या पास्तोराची खानावळ. 'न्या' म्हणजे आपलं दोन्या, बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं. जेवणं आटोपली, टेबलं पुसली की तिथे चार बायका चौकटी घेऊन बसतात. मी बसची वाट बघत तिथेच रेंगाळायचो, आणि तुला माहीत आहे, माझं तोंड गप्प बसत नाही. एक दिवस त्यांतली सगळ्यात म्हातारी, न्या ब्लासिदा, वैतागली आणि तिने माझ्या हातात सुई दिली. "घे, आणि जरा गप बस." तेव्हापासून सुरू आहे. आयुष्यभर दाभणाने बसच्या सीटा शिवल्या, आता साठीनंतर बारीक सुई. बोटं आधी ऐकत नव्हती. आता ऐकतात.

तुझी आई गेली आणि वर्ष सरायच्या आत मी इकडे निघालो, ते तू धरून बसली आहेस. त्या घरातल्या प्रत्येक खुर्चीवर ती बसलेली दिसायची, आणि खुर्च्या मीच शिवलेल्या. इथल्या बसच्या कारखान्यात सीटा शिवायला माणूस हवा होता, मी आलो. चूक केली असं मी म्हणणार नाही. तू चिडलीस ती चूक केलीस असंही म्हणणार नाही. पण आठ वर्षं फार झाली, पोरी.

सालोमेच्या खांद्यांची मापं पाठव. तेवढंच मागतो.

तुझा बाप,
एवेलियो

ता. क. पत्ता खानावळीचा घाल. माझ्या गल्लीत पोस्टमन कुत्र्यांना घाबरून येत नाही.


इताउगुआ, १७ मार्च

नोराल्बा,

मापं आली नाहीत. हरकत नाही, शाल मधूनच सुरू केलीय, कडा नंतर.

सोबत एक गोल पाठवतोय, तळहाताएवढा. कपाखाली ठेव, नाहीतर भिंतीला लाव. याला न्यांदुती म्हणतात, इथल्या ग्वारानी भाषेत कोळ्याचं जाळं. चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर दोऱ्याचे आरे घालायचे, चाकाला असतात तसे, आणि त्यांतून सुई खालीवर नेत नमुना भरायचा. मग धुवायचं, खळ लावायची, उन्हात कडक वाळवायचं, आणि शेवटी खालचं कापड कातरीने कापून काढून टाकायचं. कापड जातं, जाळं राहतं. तू पाहतेस तो नमुना म्हणजे पेरूचं फूल. ब्लासिदा म्हणाली, "हे पेरूचं फूल? हे तर बसचं चाक आहे!" मी दोरा फार ओढतो म्हणे. "अरे कोलंबियावाल्या, सैल सोड. यावर कुणी प्रवासी बसणार नाहीये." बाई ऐंशीच्या घरात आहे, तिला मी काय बोलणार? उसवलं आणि पुन्हा घातलं. हा गोल तिने घराबाहेर पाठवायला परवानगी दिलेला पहिला, तेव्हा जपून ठेव.

तू विचारलं होतंस (ओरडून विचारलं होतंस, पण विचारलं होतंस), की तिथे तुमचं आहे कोण? आता बसून उत्तर देतो.

सुरुवातीला कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी पास्तोराच्या फळ्यावर लिहिलेलं वाचलं, 'सोपा'. सोपा म्हणजे सूप, म्हटलं, चला, पिऊ. तिने ताटलीत मक्याच्या पिठाची, चीज घातलेली केकसारखी वडी आणून ठेवली. मी म्हटलं, "बाई, सूप?" ती म्हणाली, "हेच." मी म्हटलं, "मग चमचा?" तिथल्या सिन्दुल्फो नावाच्या बसड्रायव्हरला घास लागला हसताना. आजही मी आलो की ओरडतो, "पास्तोरा, बुवांना चमचा!"

पण ते हसणं बरं. त्रास झाला तो तेरेरेचा. दुपारी काहिली असते, तेव्हा सगळे गोल करून बसतात. शिंगाचा एकच पेला, त्यात येर्बाचा पाला, वरून बर्फाचं पाणी, धातूची एकच नळी. एकजण भरतो आणि फिरवतो, तुझी पाळी आली की तू प्यायचं आणि परत द्यायचं. पहिल्या दिवशी मला पेला मिळाला. मी प्यायलो, परत दिला आणि आपल्याकडच्या रीतीने आभार मानले, "ग्रासियास." झालं. पुढच्या फेरीत पेला माझ्या नाकासमोरून शेजाऱ्याकडे गेला. त्याच्या पुढच्या फेरीतही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर एकेक घोट मिळायचा आणि मी कोरड्या घशाने बसून विचार करायचो, या लोकांना आम्ही कोलंबियावाले नकोत, तोंडावर बोलत नाहीत इतकंच. बॅग काढून पलंगावर ठेवली होती, खरं सांगतो.

शेवटी मी पास्तोराला विचारलं, "माझं काय चुकलं?" तिने डोक्याला हात लावला. "अहो बुवा, तुम्हीच तर रोज नको म्हणता!" इथे तेरेरेचा पेला परत देताना ग्रासियास म्हटलं की त्याचा अर्थ पुरे. पोट भरलं, आता मला देऊ नका. प्यायचं असेल तर गप्प राहायचं. गप्प राहाल तोवर पेला येत राहतो.

मला, नोराल्बा, गप्प राहायचं! पण शिकलो. गेली आठ वर्षं तो पेला मला चुकलेला नाही. तिथे माझं आहे कोण, याचं उत्तर हे आहे.

मापं पाठव.

एवेलियो


इताउगुआ, २२ एप्रिल

नोराल्बा,

तुझं पाकीट आलं.

पास्तोराने ओल्या हातानेच आणून दिलं, तिकीट बघून पळत आली होती. सगळे टेबलाशी होते. सिन्दुल्फो म्हणाला, "वाचा की मोठ्याने, आम्ही काय भिंती आहोत?" मी उघडलं. आत कागद एकच. मी उलटूनपालटून पाहिला, पाकिटात बोट घालून पाहिलं.

"काय लिहिलंय?" ब्लासिदाने विचारलं.

"ग्रासियास. आणि खाली नाव."

"आणि?"

"एवढंच."

पास्तोरा कमरेच्या फडक्याला हात पुसत राहिली, हात कधीच कोरडे झाले होते. मग हळूच म्हणाली, "पुरे म्हणतेय." ब्लासिदा सुईत दोरा ओवत होती, तिने मान वर केली नाही. "सरळ आहे. पेला परत केला पोरीने."

मला वाईट वाटलं. उगाच कशाला लपवू? मी जेवण अर्धं टाकून घरी आलो. दोन दिवस चौकटीला हात लावला नाही. आठ वर्षांनी तुझ्या हातचा एक शब्द आला आणि तोही पुरे.

पण तिसऱ्या दिवशी मी परत जाऊन बसलो. पास्तोराने काही न विचारता माझ्यापुढे ताट ठेवलं, आणि ब्लासिदाने माझी चौकट पायाने माझ्याकडे सरकवली. तर आता कान देऊन ऐक. पुरे म्हणणं हा तुझा हक्क आहे. पण इथली रीत अशी की एकाने पुरे म्हटलं म्हणून भरणारा उठून जात नाही. तो तिथेच बसतो, पाणी गार ठेवतो. मी उठणार नाही. शाल चालू आहे. खांद्यांचं माप नसेल तर अंदाजाने करीन, चुकलं तर सालोमेला मोठी होईल, म्हातारपणी वापरेल.

एवेलियो


इताउगुआ, १४ मे

नोराल्बा,

आज एक गंमत झाली. गंमत म्हणतो, पण डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारी खानावळीत एक जोडपं आलं, तरणंताठं, पाठीवर पिशव्या. पेरेराची निघाली. आपल्या तुलुआहून हाकेच्या अंतरावरची! मी गप्पा मारायला जाणार, एवढ्यात पास्तोराने त्यांना पाणी दिलं. "ग्रासियास!" मीठ दिलं. "ग्रासियास, फार चांगल्या आहात हो!" भाकरीऐवजी उकडलेला मांदिओका आणून ठेवला, म्हणजे आपला युकाचा कंद. "ग्रासियास!" खुर्ची सरकवली, ग्रासियास. माशी हाकलली, ग्रासियास. पास्तोरा माझ्याकडे बघायला लागली. "यांना काही नकोय का हो? सारखं नको नको काय म्हणतात?"

आणि मला आठवलं, नोराल्बा. आपल्याकडे असंच बोलतात! मीही असाच बोलायचो. तुझी आई कॉफीचा कप ठेवायची, मी म्हणायचो, ग्रासियास. तुला बसमध्ये शेजारी बसवून घ्यायचो, तू खिडकी मिळाली म्हणून म्हणायचीस, ग्रासियास. पुरे म्हणून नाही. आवडलं म्हणून. अगं, माझी स्वतःची भाषा मी विसरलो! एका शिंगाच्या पेल्यापायी!

मी हसायला लागलो तो थांबेचना. मग रडायला लागलो. त्या जोडप्याला वाटलं जेवणात काही पडलं. सिन्दुल्फोने सगळ्यांना सांगितलं, "बुवांच्या पोरीने पुरे म्हटलं नव्हतं!" ब्लासिदा मात्र मानायला तयार नाही. म्हणते, "एकच शब्द आणि खाली नाव? तो पुरेच आहे. तिकडचा असो की इकडचा."

तेव्हा तूच सांग. तुझा ग्रासियास तिकडचा होता की इकडचा? मी दोन महिने वाट बघीन. उत्तर आलं नाही तरी तिकीट काढीनच, पण कळलं असतं तर बरं.

एवेलियो


इताउगुआ, ३० जुलै

नोराल्बा,

जूनमध्ये पत्र नाही पाठवलं. पेन सापडत नव्हतं.

तुझं पाकीट मिळालं. पास्तोराच घरी घेऊन आली, रोजच्या डब्याबरोबर. ती सध्या वोरी-वोरी पाठवते, मक्याच्या गोळ्यांचं कोंबडीचं सूप, हे मात्र खरंखुरं सूप. पाऊस फार होता आणि मला बाहेर पडणं जमत नव्हतं, म्हणून.

पाकिटात एक अक्षर नाही. नुसती निळी साटीनची रिबन, तिला गाठी मारलेल्या. पास्तोरा म्हणाली, "हे काय, भेट आहे की करणी?" मी ती रिबन हातात धरली आणि एकेक गाठ चाचपत बसलो. तिने सूप पुढे केलं, मी मान हलवली. ती घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाली. (डॉक्टर शेजारीच राहतो, सहज.)

मी सीटांची मापं टेपने कधी घेतली नाहीत. सुतळी ताणायची, जिथे वळण तिथे गाठ. सगळा कारखाना मला नावं ठेवायचा. आणि तू, शाळेची सुट्टी असली की रिकाम्या बसमध्ये सुतळीचं दुसरं टोक धरून उभी राहायचीस आणि विचारायचीस, "बाबा, प्रवासी केवढा जाडा आहे?" ते तू विसरली नाहीस. टेप घेऊन आकडे लिहून पाठवायला काय लागलं असतं? तू गाठी मारल्यास. पहिली गाठ मान, दुसरी खांद्याचं टोक, तिसरी कोपर. मी बघताक्षणी ओळखलं. पोरगी उंच झालीय गं.

ब्लासिदाला दाखवली तर तिने रिबन गळ्याशी लावून पाहिली आणि म्हणाली, "बरं. पेला परत नाही केला." मग लगेच, "पण तुझी कड आखूड आहे. उसव."

शाल झाली आहे. खळ लावून चौकटीवर ठेवली तर हवा ओली, वाळेचना. ब्लासिदाने पास्तोराच्या भाकरीच्या भट्टीशेजारी नेऊन ठेवायला लावली. म्हणजे शालीला जरा चिपाचा वास येतो, चिपा म्हणजे त्यांचा चीजचा पाव. सालोमेने तक्रार करू नये.

कापड कापायची वेळ आली तेव्हा माझे हात थरथरत होते. अजून जरा अशक्तपणा. पेन शोधून शोधून आला असेल. मी ब्लासिदाला म्हटलं, तुम्ही कापा, तुमचा हात बसलेला आहे. तिने कातर माझ्यापुढे ठेवली. "ज्याने घातलं त्याने कापायचं. नाहीतर शाल माझी होईल, आणि मला नातीचं लग्न, बारसं, काही नाहीये." मी कापायला बसलो. पास्तोराने रेडिओ बंद केला. सिन्दुल्फो बस उभी करून आत आला, बाहेर प्रवासी हॉर्न वाजवत होते. तीन बाजू सुरळीत गेल्या. चौथ्या बाजूला कातर घसरली आणि एका फुलाचा आरा तुटला.

"बुवा, बसा, बसा, श्वास घ्या," सिन्दुल्फो म्हणाला. मी बसलो नाही. तिथल्या तिथे तो आरा मी सीटची गाठ मारून बांधून टाकला. आयुष्यभर ती गाठ मारली, कुणी कितीही उड्या मारल्या तरी सुटलेली नाही. ब्लासिदाने कपाळाला हात लावला. "लेसमध्ये बसची गाठ! मी मेल्यावर करायचंस हे." पण उसव म्हणाली नाही.

तिकीट काढलं आहे. येण्याचं आणि परतीचं, दोन्ही. आधीच सांगतो, म्हणजे विमानतळावर भांडण नको. भांडायचंच असेल तर घरी, स्वयंपाकघरात, कॉफी पिता पिता.

तुझा बाप,
एवेलियो


इताउगुआ, ५ ऑक्टोबर

नोराल्बा,

पोचलो. बॅगेतल्या तुझ्या चीजच्या पांदेबोनो निम्म्या सिन्दुल्फोने बस चालवता चालवता संपवल्या. म्हणाला, चांगल्या आहेत पण आमचा चिपा बरा. मी त्याच्याशी अजून बोलत नाहीये.

जे घडलं ते तुलाही माहीत आहे, तरी लिहितो. समोर असताना तू आणि मी दोघं एकाच वेळी बोलतो, कुणाचंच ऐकू येत नाही.

तू दार उघडलंस आणि पहिलं वाक्य काय, तर "एवढीच पिशवी?" मी म्हटलं, "एवढीच." तू बाजूला झालीस. आत या म्हणाली नाहीस, पण बाजूला झालीस. मग पाठमोरी होऊन म्हणालीस, "वाळलात." मी पिशवी दारामागे ठेवली.

सालोमेने शाल अंगावर घेतली. माप बरोब्बर बसलं, कोपराची गाठ कोपरावर. तू मागून येऊन शाल सारखी करत होतीस आणि तुझं बोट थांबलं. तू त्या एका फुलावर वाकलीस. "ही सीटची गाठ आहे." मी म्हटलं, "तिथे कातर घसरली." तू म्हणालीस, "वाटलंच." आणि बराच वेळ बोट तिथून काढलं नाहीस. पोरगी ओरडली, "आई, मला गुदगुल्या होतायत!"

वॉल्ट्झमध्ये मी दोनदा तिच्या पायावर पाय दिला. व्हिडिओत दिसतं म्हणे. दिसू दे.

आता दुसऱ्या दिवशीचं भांडण. तू सकाळी कॉफी दिलीस. मी प्यायलो. तू पुन्हा भरलीस. मी प्यायलो. तू मक्याची अरेपा वाढलीस, अंडी वाढलीस, पुन्हा कॉफी. माझं पोट फुटायला आलं होतं, पण देणारी तू, मी कसा थांबवू? आणि तू किटली आपटलीस. "आठ वर्षांत एवढंही विसरलात? माणूस मघापासून वाढतोय, तोंडातून एक ग्रासियास नाही! मी काय खानावळवाली आहे?"

मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, "अगं, मी गप्प आहे म्हणजे दे म्हणतोय."

तू खुर्चीत बसलीस. तुला माझी पत्रं आठवली. तू आधी ओठ दाबलेस, मग तुझ्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि मग तू तुझ्या आईसारखं हसलीस, आवाज न करता, डोळे मिटून. आठ वर्षांनी ऐकलं मी ते. ऐकलं म्हणजे पाहिलं.

तेव्हा मी संधी साधून विचारलं. "मग तुझा ग्रासियास? तो इकडचा होता की तिकडचा?"

तू डोळे पुसलेस आणि सरळ सांगितलंस, "तुमच्या पाराग्वेतला. पुरे म्हणूनच लिहिला होता. तुमच्याच पत्रात वाचलं होतं, तेच वापरलं."

म्हणजे ब्लासिदा बरोबर होती! आणि मी भर खानावळीत रडून मोकळा झालो होतो. मी म्हटलं, "मग रिबन कशाला पाठवलीस?"

"तुम्ही ऐकणार होतात का?" तू म्हणालीस. "पुरे म्हटलं तरी पत्र आलं. वर मला विचारता, कुठला ग्रासियास. म्हटलं, हा माणूस अंदाजाने शाल करील आणि माझी पोर गोणपाट घालून नाचेल."

नंतर तू म्हणालीस ते मला लागलं. "तिथे आजारी पडलात तर?" मी बोलून गेलो, "पडलो ना, जूनमध्ये. फुप्फुसात पाणी झालं होतं. महिनाभर पास्तोरा सूप आणून देत होती आणि ब्लासिदा उशाशी बसून माझे टाके उसवत होती." तुझा चेहरा पडला. "पेन सापडत नव्हतं," तू म्हणालीस. मी मान खाली घातली. तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, "यापुढे पेन हरवलं तर फोन करायचा. मी उचलीन." मग पुढे काही बोलली नाहीस. कायमचे या, हेही नाही. मी वाट बघत होतो, पण ते आलं नाही.

बसस्टँडवर तू तो पांदेबोनोंचा गरम पुडा माझ्या हातात कोंबलास. आईच्या पद्धतीने, वरून फडकं गुंडाळून, फडक्याला गाठ. बस सुरू झाली होती. मी तोंड उघडलं, जुनी सवय, आपल्याकडची. आणि तू पटकन माझ्या तोंडावर हात ठेवलास.

"म्हणू नका," तू म्हणालीस. "खबरदार म्हणालात तर."

मी म्हणालो नाही. आख्खा प्रवास तुझ्या हाताला आलेला चीजचा वास माझ्या मिशीला होता.

परवा पास्तोराने विचारलं, "काय म्हणाली मुलगी निघताना?" मी सगळं सांगितलं. मग ब्लासिदाने पेला भरला आणि आधी मला दिला, माझी पाळी नसताना.

डिसेंबरात सालोमेची सुट्टी. तुम्ही दोघी या. कायमच्या नाही, एकेका पिशवीनिशी. पास्तोरा चमचा तयार ठेवणार आहे. पेला तुझ्यापर्यंत आला की प्यायचा, परत द्यायचा आणि तोंड मिटून बसायचं.

त्या पुड्याबद्दल, त्या रिबनबद्दल आणि तू दारातून बाजूला झालीस त्याबद्दल मी इथे काहीही लिहीत नाहीये. नीट लक्षात घे, नोराल्बा. एक शब्दही लिहीत नाहीये.

बाबा